ओढायला पाच टन, पेलायला साडेसहाशे किलो

आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरातल्या एका कंपनीत मी दिवसभर कोष्टकं जुळवतो, दुसऱ्यांच्या बेरजा तपासतो आणि चूक सापडली की मनातल्या मनात खूश होतो. त्यामुळे पुढची हकीकत सांगताना ‘आपल्याला बुवा गणित जमत नाही’ ही पळवाट मला नाही. गणित जमत होतं. मी ते आवडीच्या आकड्यावर मांडलं, एवढंच.

आवडीचा आकडा होता ११,३०० पौंड, म्हणजे पाच टनांहून थोडा जास्त. टीव्हीवरच्या जाहिरातीत मागे डोंगर, पुढे धुरळा, आणि घोगऱ्या आवाजात तो आकडा. डोक्यात पक्का बसला. टेक्सासात पिकअप गरजेपोटी थोडीच घेतात? आपली मंडळीसुद्धा काही वर्षं कॅम्री चालवून झाली की तिच्याकडे वळतात. मीही वळलो. चार दारं, फोर-व्हील ड्राइव्ह, चामड्याच्या सीट, काचेचं छप्पर. या वर्गाला इथं ‘हाफ-टन’ म्हणतात. ते नाव जुनं आहे, त्याचा आता वजनाशी संबंध उरलेला नाही.

जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या एका ठरावीक गाडीचा असतो. ठरावीक इंजिन, मागच्या ॲक्सलचा ठरावीक रेशो, बहुतेकदा टू-व्हील ड्राइव्ह, साध्या सीट आणि ओढण्यासाठीचं खास पॅकेज. मी हौसेनं घेतलेल्या गाडीत यातलं जवळपास काहीच नव्हतं. कंपनीच्या टोइंग गाइडमध्ये बारीक टाइपातलं एक कोष्टक असतं, त्यात माझ्या गाडीपुढे ९,००० पौंड लिहिलेले होते. ते कोष्टक मी फार उशिरा उघडलं. कोष्टकं उघडण्याचा पगार घेणारा माणूस मी!

हा ओढण्याचा आकडा काढतात कसा, तेही सांगायला हवं. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनानं तो छापायची आणि शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्तच छापायची. मग एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं जे-२८०७ हे मानक आणलं. टोयोटानं ते २०११ च्या मॉडेलपासून पाळलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत आल्या. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळच्या चढाची आहे. राज्य मार्ग ६८ वर ११.४ मैल सलग चढ, सुमारे ३,००० फुटांची उंची गाठायची, बाहेर ३८ अंशांचं ऊन, एसी पूर्ण सोडलेला, आणि साध्या चार चाकी पिकअपनं ट्रेलर ओढत ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. परीक्षा कडक आहे, मला तिच्याबद्दल तक्रार नाही. पण परीक्षेला बसताना गाडीत कोण असतं? दीडशे पौंडांचा एक ड्रायव्हर आणि दीडशे पौंडांचा एक प्रवासी. हौदा जवळपास रिकामा. सासू-सासरे नाहीत, बर्फाची पेटी नाही, पोराची सायकल नाही. म्हणजे ९,००० पौंड खरे, पण ते दोन सडसडीत माणसांचे. ही अट मला कुणी सांगितली नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

ट्रेलर घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्यानं एकच प्रश्न केला, “ट्रक कुठला?” मी सांगितलं. “मग काही प्रश्नच नाही,” म्हणाला, आणि माहितीपत्रकावर बोट ठेवलं. तिथं ‘हाफ-टन टोएबल’ असं छापलेलंच होतं. बंक बेड, स्वयंपाकघर, नहाणी असलेला, जवळजवळ तीस फुटांचा ट्रेलर. रिकामं वजन ६,१९० पौंड, पुढच्या दांडीचा भार ६४० पौंड. मी हिशेब केला: ११,३०० मधून ६,१९० गेले, ५,११० शिल्लक. जवळजवळ निम्मी ताकद शिल्लकच! बायकोला मी हे वाक्य ऐकवलंही. तिनं विचारलं होतं, “रिकामं म्हणजे किती रिकामं?” मी हसलो होतो.

रिकामं म्हणजे कारखान्याच्या दारातून निघालं तेवढं. त्यात बॅटऱ्या नाहीत, टाकीत पाणी नाही, गॅस नाही, गाद्यांवर चादरी नाहीत. अमेरिकन गॅलनभर पाण्याचं वजन ८.३४ पौंड, आमची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे पाण्याचेच सव्वातीनशे पौंडांच्या वर. शिवाय आमचा संसार. इथले लोक कॅम्पिंगला पावाची लादी आणि सॉसेजं नेतात. आम्ही दोन कुकर, लोखंडी तवा, मिक्सर, कणकेची पिशवी, तांदळाची पिशवी, तेलाचा कॅन, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या की त्यांचा खलबत्ता. खलबत्ता पितळी आहे. नको म्हणण्याची माझी टाप नव्हती. अजून नाही.

आता मुख्य चूक. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. टायरमध्ये हवा किती भरायची ते त्यावर असतं आणि तेवढ्यासाठीच मी तो वाचायचो. त्याच स्टिकरवर वरच्या बाजूला लिहिलंय की गाडीत बसलेली माणसं आणि सामान यांचं एकूण वजन ६५६ किलो, म्हणजे १,४४७ पौंड, याच्या वर जाता कामा नये. हा आकडा जाहिरातीचा नसतो. तो तुमच्या दारासमोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा असतो. काचेचं छप्पर, तापणाऱ्या सीट, उघड-मीट करणाऱ्या मोटारी, जे जे हौसेनं घेतलं ते वजन आधीच यातून वजा झालेलं असतं. म्हणून सगळ्यात महागडी गाडी बरेचदा सगळ्यात कमी ओझं पेलते. साधी, कामगारांची गाडी घेतली असती तर दोन-चारशे पौंड जास्त मिळाले असते.

मी तो आकडा वाचून सोडून दिला होता, कारण माझ्या समजुतीप्रमाणे ट्रेलर हे काही ‘गाडीतलं सामान’ नव्हतं. ट्रेलर मागे, त्याची चाकं वेगळी. पण ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. पुढची दांडी ट्रकच्या हिचवर टेकते आणि ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार तिच्यातून ट्रकवर येतो. याला इथं टंग वेट म्हणतात. तो भार हौद्यात ठेवलेल्या पोत्यासारखाच ट्रकच्या खात्यात पडतो. ट्रकनं ओढायचा आकडा वेगळा आणि पेलायचा वेगळा, आणि घरगुती ट्रेलरच्या बाबतीत पेलायचाच आधी संपतो. हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरेच डॉलर वाचले असते.

सुरुवातीच्या जवळपासच्या सहलींत ट्रकचा मागचा भाग बसायचा आणि तोंड वर व्हायचं. रात्री समोरचे लोक दिवे मारायचे, कारण माझे दिवे त्यांच्या डोळ्यांत जात होते. मी त्यावर उपाय केले. मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या. गाडी सपाट दिसायला लागली आणि मला वाटलं, क्षमता वाढली. काही वाढली नव्हती. पिशव्यांनी ॲक्सल, चाकं, ब्रेक, फ्रेम यांतलं काहीही बदलत नाही. स्टिकरवरचा आकडा तसाच राहतो, फक्त गाडी ओझ्यानं वाकलेली दिसत नाही. ओझं लपवायला मी पैसे मोजले होते.

दुसरा उपाय याहून वाईट होता. त्या उन्हाळ्यात सासू-सासरे आले होते आणि कोलोरॅडोला जायचं ठरलं. दांडीवरचा भार कमी करावा म्हणून मी ट्रेलरमधलं जड सामान शोधून शोधून मागे नेलं. डबे मागच्या कपाटात, सायकली मागच्या बंपरच्या रॅकवर, पाण्याची टाकी तर मुळातच मागच्या चाकांच्याही मागे, ती काठोकाठ भरली. ट्रकचा मागचा भाग वर आला. मी समाधानानं फोटो काढला.

डॅलसहून अमरिलोला यूएस-२८७ नं जातात. विचिटा फॉल्स मागे पडलं की पठार सुरू होतं आणि वाऱ्याला आडवं यायला काहीच उरत नाही. चिल्ड्रेसच्या पुढे मी ताशी सत्तरच्या वर होतो. (ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादा ६५ मैलांची असते. हेही मी नंतर वाचलं.) एक अठरा चाकी ट्रक डावीकडून पुढे निघाला. त्याच्या हवेनं आधी आम्हाला ढकललं, मग आपल्याकडे ओढलं. आरशात ट्रेलरचं शेपूट डावीकडून दिसलं, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून, आधीपेक्षा जास्त. ट्रेलरच्या प्रत्येक हिसक्याबरोबर ट्रकचं मागचं टोक फेकलं जात होतं आणि स्टिअरिंगला त्याचा पत्ता नव्हता. अशा वेळी करायचं काय, ते साधं आहे: पेडलवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे मागचा मागे ताणला जातो. मी उलट केलं. जोरात ट्रकचा ब्रेक दाबला. मागून ट्रेलर आणखी रेटायला लागला. ट्रकमध्ये झोल ओळखणारं इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्यानं आपणहून एकेका चाकाचे ब्रेक लावत वेग उतरवला. चालकाचं श्रेय शून्य.

रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. मागे आई पुटपुटत होत्या, पोरगा विचारत होता, “परत करायचं?” अण्णा, म्हणजे माझे सासरे, माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी हँडल सोडलं, खाली उतरले आणि ट्रेलरभोवती एक फेरी मारली.

अण्णा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावरून निवृत्त झाले. हंगामात रात्रंदिवस उसाच्या गाड्या: बैलगाड्या, ट्रक, मागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. आधी भरल्या गाडीचं वजन, गव्हाणीत ऊस पडला की रिकामीचं, फरक शेतकऱ्याच्या खात्यात. काटामारीच्या बातम्या आल्या की ते अजूनही पेपर बाजूला ठेवून सांगतात, “माझ्या काट्यावर झालं न्हाई.” ट्रेलर त्यांनी जन्मात पहिल्यांदा त्याच आठवड्यात पाहिला होता. मागच्या बंपरवरच्या सायकली बघून म्हणाले, “जावईबापू, उलाळ भरलीय की ओ गाडी. मागं ओझं झालं की धुरा वर उचलती. बैलाच्या मानंवर जूच टेकत न्हाई. मग गाडी बैलाचं ऐकंल कशाला?”

टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर झुलतो, हे मी पुढे किती ठिकाणी वाचलं असेल. एवढं स्वच्छ कुठं वाचलं नाही.

“काट्यावर घातली होती का कधी?”

नव्हती घातली. अमेरिकेत सामान्य माणसाला ट्रेलर काट्यावर घालता येतो हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. अण्णांना ते पटेना. “एवढा मोठा देश आणि वजनाशिवाय गाडी रस्त्याला?” रस्त्याच्या कडेला आम्ही सायकली ट्रकच्या हौद्यात घेतल्या, डबे पुढे आणले आणि पंचावन्नच्या वेगानं अमरिलो गाठलं. ट्रेलर शहाण्यासारखा मागे आला. पण जे ओझं ट्रेलरवरून काढलं ते मी ट्रकवर घातलं होतं, हे तेव्हाही ध्यानात आलं नाही.

अमरिलोला आय-४० वर मोठे ट्रक स्टॉप आहेत आणि तिथं कॅट स्केल असतो. ही कंपनी १९७७ पासून ट्रकवाल्यांसाठी काटे चालवते. जमिनीला समतल लांबलचक लोखंडी पट्टे असतात, एकमेकांपासून सुटे. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. उंच खांबावर बटण आहे, ते अठरा चाकीच्या ड्रायव्हरच्या उंचीचं. मला खिडकीतून अर्धं बाहेर यावं लागलं. आतून बाईचा आवाज आला, “कंपनीचं नाव? ट्रक नंबर?” मी म्हटलं, “प्रायव्हेट.” ती म्हणाली, “ओके हनी, आत या आणि पावती घ्या.” मागे दोन भले मोठे ट्रक थांबले होते. अण्णा मात्र खाली उतरून पट्ट्याच्या फटीत वाकून बघत होते, खाली लोडसेल कसे बसवलेत म्हणून.

पावतीवर तीन आकडे आणि बेरीज: पुढचा ॲक्सल ३,२४०, मागचा ॲक्सल ४,३२०, ट्रेलरचे ॲक्सल ६,७००, एकूण १४,२६० पौंड. अण्णांनी पावती हातात घेतली, वाचली आणि म्हणाले, “आता मागची सोडा आणि नुसती पुढची आणा.” मला कारण विचारायची गरज पडली नाही. ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून, तेवढीच माणसं आणि तेवढंच सामान घेऊन नुसता ट्रक काट्यावर घातला: ६,७८० पौंड. म्हणजे ट्रेलर ७,४८०. माहितीपत्रकातल्या ६,१९० पेक्षा जवळजवळ १,३०० जास्त. मग त्यांनी तिसरं वजन करायला लावलं: ट्रेलर जोडायचा, पण हिचच्या स्प्रिंग दांड्या न ताणता. या दांड्या दांडीवरचा थोडा भार उचलून पुढच्या ॲक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटतात. त्या न ताणता ट्रकचं वजन आलं ७,७६०. नुसत्या ट्रकपेक्षा ९८० जास्त. हाच माझा टंग वेट. छापील आकडा ६४० चा होता.

ट्रक स्टॉपच्या टेबलावर पावत्या मांडल्या आणि मोबाइलवर दाराच्या स्टिकरांचे फोटो. स्टिकर दोन असतात. दुसऱ्यावर गाडीचं भरून कमाल वजन आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा असते. ट्रेलर जोडून दोन्ही मिळून १५,००० पौंडांची मर्यादा, आम्ही १४,२६०: पास. ओढायची मर्यादा ९,०००, ट्रेलर ७,४८०: पास. ट्रेलरची स्वतःची मर्यादा ७,६००: पास, काठावर. इथवर मी टेबलावर हात आपटायच्या तयारीत होतो. मग ट्रक. कमाल वजन ७,०५०. दांड्या ताणूनसुद्धा आमचं ७,५६०. पाचशे दहा पौंड जास्त. मागच्या ॲक्सलची मर्यादा ४,०५०, त्यावर ४,३२०. दोनशे सत्तर जास्त. म्हणजे हवेच्या पिशव्यांनी सपाट दिसणारी गाडी मर्यादेच्या सव्वादोनशे किलो वर होती, आणि अशा अवस्थेत मी तिच्यात पाच माणसं बसवून अमरिलोपर्यंत आलो होतो.

मग तिथंच बसून हिशेब उलटा मांडला. जो पहिल्या दिवशी, ट्रेलर बघायलाही जायच्या आधी मांडायला हवा होता. स्टिकरवरचे १,४४७. त्यातून पाच माणसं: ६९५. हिचचं लोखंड: ८५, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. हौद्यातलं सामान: जनरेटर १००, बर्फाची पेटी ८०, सायकली ६०, सरपण ६०, जॅक-हत्यारं-ठोकळे ५० आणि हौद्यावर बसवलेलं झाकण ५०, मिळून ४००. उरले २६७ पौंड. दांडीवर एवढाच भार चालणार. टंग वेट तेरा टक्के धरला, तर २६७ ला ०.१३ नं भागायचं. उत्तर सुमारे २,०५०.

मी पुन्हा भागलं. तेच आलं. ११,३०० ची जाहिरात बघून घेतलेली गाडी, माझ्या माणसांसकट आणि माझ्या सामानासकट, जेमतेम दोन हजार पौंडांचा ट्रेलर घेऊ शकत होती. माझा ट्रेलर त्याच्या साडेतीन पटींहून जास्त होता. दांड्यांनी भार थोडा पुढे-मागे सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-चारशे पौंड इकडे-तिकडे होतील. पण साडेतीन पट इकडे-तिकडे होत नाही.

आईंनी सुचवलं, “पाणी सोडून द्या की.” बरोबर वाटलं. पण टाकी चाकांच्या मागे. पाणी सोडलं की एकूण वजन घटणार, आणि मागचं ओझं गेल्यामुळे दांडीवरचा भार उलट वाढणार, म्हणजे ट्रकचा त्रास वाढणार. अण्णांना हे सांगायच्या आत कळलं होतं. ते आईंना म्हणाले, “तू चहा पी.”

त्या रात्री मोटेलमध्ये मी गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. उंचीबद्दल एक ओळ होती: दर हजार फुटांना एकूण वजनाची मर्यादा दोन टक्क्यांनी कमी धरा, कारण विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते. आम्हाला न्यू मेक्सिकोतून रॅटन घाट चढून कोलोरॅडोत उतरायचं होतं. घाटमाथा ७,८३४ फूट. पंधरा हजारांतून सोळा टक्के गेले की १२,६०० उरतात, आणि आम्ही १४,२६०. दोन्ही मिळूनची जी मर्यादा मी टेबलावर ‘पास’ म्हणून सोडली होती, तीही घाटात नापास. चढताना इंजिन हाशहुश करेल ते एक वेळ चालेल. मला उतरणीची धास्ती होती.

ट्रेलर अमरिलोच्या एका आरव्ही पार्कमध्ये सोडला आणि नुसता ट्रक घेऊन पुढे गेलो. नुसता ट्रक मर्यादेत होता. कोलोरॅडो मोटेलांत राहून पाहिलं. येताना अमरिलोहून एक गाडी भाड्यानं घेतली. बायको, आई आणि पोरगा तिच्यात, जनरेटर, पेटी, सायकली तिच्यातच. अण्णा हट्टानं ट्रकमध्ये बसले, आणि निघण्याआधी गाडी पुन्हा काट्यावर घालायला लावली. ६,९६०. “आता बरं,” म्हणाले, आणि विचिटा फॉल्सपर्यंत झोपले.

तो ट्रेलर पुढे विकला, तोट्यात. मित्रांनी सल्ला दिला होता की ट्रेलर कशाला विकतोस, पुढच्या वर्गाचा ट्रक घे. तेही बरोबर आहे, त्या गाड्या बरंच जास्त पेलतात. पण तिथंही स्टिकर वाचावाच लागतो. डिझेल इंजिन जड, ते पेलण्याच्या आकड्यातूनच वजा होतं, आणि वर पुन्हा काचेचं छप्पर घेतलं की आलोच मूळ पदावर. माझी ऐपतही तेवढी नव्हती.

विक्रेत्यावर माझा राग नाही. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. त्याला ट्रेलर विकायचा होता आणि मला घ्यायचा होता. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात यंदा ट्रेलर शिरला असेल तर त्याला मी एवढंच सांगतो: दुकानात जायच्या आधी घरची सगळी माणसं, नेहमीचं सामान, कुत्रा असेल तर कुत्रा, सगळं ट्रकमध्ये घाला, पेट्रोलची टाकी भरा आणि जवळच्या ट्रक स्टॉपवर वजन करून या. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो. गाडीच्या कमाल वजनातून ते वजन वजा करा, त्यातून हिचचं लोखंडही काढा आणि उरलेल्याला ०.१३ नं भागा. जे येईल ते ट्रेलरचं भरलेलं वजन, रिकामं नव्हे. विक्रेत्याला तो आकडा सांगा, ट्रकचं नाव सांगू नका.

आमचा आत्ताचा ट्रेलर भरून ४,२०० पौंडांचा आहे, दांडीवर साडेपाचशेच्या आत. बंक बेड नाहीत, पोरगा टेबल मोडून त्यावर झोपतो. हौद्यावरचं झाकण काढून टाकलं. अण्णा-आई आले आणि पाच माणसं बसली की हौद्यासाठी १२१ पौंड उरतात. त्यात जनरेटर घेतला तर बर्फाची पेटी घरी राहते, आणि पेटी घेतली तर जनरेटर.